वारेचे दुर्मीळ दोष: निदान बाळंतपणाआधी झाले तर पुढचे नियोजन कसे असते?

दोन प्रश्न एकत्र घेत आहे, कारण दोन्हींची उत्तरे एकमेकांना लागून आहेत. पहिल्या प्रश्नातील गर्भवतीचे पहिले बाळ सिझेरियनने झालेले आहे आणि आताचे गर्भारपण आयव्हीएफने राहिलेले आहे. एकविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) पुढच्या भिंतीवर आणि खाली आहे, तिची कड गर्भाशयाच्या तोंडापासून १२ मिलिमीटरवर आहे आणि नाळ वारेवर न रुजता गर्भपिशवीच्या पडद्यांत रुजलेली आहे. अहवालाच्या शेवटी ‘वासा प्रीव्हिया आणि अ‍ॅक्रीटा नाकारता येत नाही’ असा शेरा आहे, म्हणजे बाळाच्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून जात असण्याची आणि वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असण्याची शंका. याचा अर्थ काय, एमआरआय करावा का, पूर्ण विश्रांती घ्यावी का आणि बाळंतपण कधी व कुठे करावे, असे विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नात चोविसाव्या आठवड्यात वारेमध्ये, नाळ जोडलेल्या जागेलगत, ६ सेंटिमीटरची गाठ दिसली आहे, गर्भजल वाढू लागले आहे, आणि कोणीतरी ‘हा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घडासारखी विकृत वाढ) तर नव्हे?’ अशी शंकाही बोलून दाखवली आहे.

वारेच्या या दुर्मीळ दोषांवर गर्भारपणात देता येईल असे औषध बहुतेक वेळा नसते, आणि तरीही बाळंतपणाआधी झालेले निदान परिणाम पार बदलून टाकते. वासा प्रीव्हियाच्या १५५ गर्भारपणांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे निदान आधी झाले होते त्यांच्यातील सुमारे ९७ टक्के बाळे वाचली, आणि ज्यांचे निदान प्रसूतीच्या वेळीच झाले त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. दोन्ही गटांत दोष तोच होता. फरक पडला तो बाळंतपण कोणत्या आठवड्यात, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या तयारीने झाले याचा. म्हणून अहवालातील ‘नाकारता येत नाही’ हे शब्द वाचून घाबरून जाण्यापेक्षा ती शंका नेमकी कशी पडताळायची आणि कधी पडताळायची, हे आधी ठरवले पाहिजे.

प्रथम पडद्यांतल्या नाळेविषयी. नाळेतील दोन धमन्या आणि एक शीर यांच्याभोवती व्हार्टन जेलीचे जाड आवरण असते आणि त्यामुळे त्या सहसा दबत नाहीत किंवा फाटत नाहीत. नाळ पडद्यांत रुजते तेव्हा वारेपर्यंतचे शेवटचे अंतर या रक्तवाहिन्या आवरणाशिवाय, पातळ पडद्यांतून उघड्याच कापतात. असे असणे एवढ्यावरून धोका फार मोठा ठरत नाही. बाळाची वाढ मंदावते का यावर लक्ष ठेवावे लागते, इतकेच. मात्र याच उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून किंवा त्याच्या अगदी जवळून जात असतील तर ती अवस्था वासा प्रीव्हिया ठरते. ‘जवळून’ म्हणजे २ सेंटिमीटरच्या आत, अशी जुनी मर्यादा आहे. अलीकडे काही तज्ज्ञ त्याहून दूरच्या वाहिन्यांनाही गंभीरपणे घ्यावे असे म्हणतात. वारेचा एखादा तुकडा मुख्य वारेपासून सुटा वाढलेला असेल आणि दोघांना जोडणाऱ्या वाहिन्या तोंडावरून जात असतील तर तो दुसरा प्रकार, आणि वारेच्या कडेने बाहेर पडून पुन्हा वारेत शिरणाऱ्या वाहिन्या हा तिसरा. साधारण बाराशे ते अडीच हजार गर्भारपणांत एकदा हा दोष आढळतो. आयव्हीएफने राहिलेले गर्भारपण, जुळी बाळे, दुसऱ्या तिमाहीत खाली असलेली वार (ती नंतर वर सरकली असली तरी) आणि पडद्यांत रुजलेली नाळ या परिस्थितींत त्याची शक्यता पुष्कळ वाढते. पहिल्या प्रश्नात यांपैकी तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, तेव्हा अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी शंका नोंदवली हे योग्यच केले.

धोका इतका मोठा का, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. सुमारे ३ किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात एकूण रक्त अडीचशे ते तीनशे मिलिलिटरच असते. पाणमोट फुटताना तिच्यातून जाणारी वाहिनी फाटली तर जे रक्त वाहते ते आईचे नसून बाळाचे असते, आणि शंभरेक मिलिलिटर रक्त गेले तरी बाळ दगावू शकते. आईच्या दृष्टीने तो रक्तस्राव किरकोळ दिसतो, तिची नाडी आणि रक्तदाब जागच्या जागी असतात. इकडे बाळाचे ठोके मात्र काही मिनिटांत ढासळतात.

शंकेची पडताळणी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने आणि कलर डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, होते. योग्य हातांनी केल्यास ही तपासणी सुरक्षित आहे; प्रोब गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जात नाही, त्याच्या अलीकडेच थांबतो. मूत्राशय रिकामे करून घ्यायचे, गर्भाशयाच्या तोंडाची पूर्ण लांबी आणि त्याचे आतले टोक एका चित्रात आणायचे, मंद प्रवाहही दिसावा म्हणून डॉपलरची वेगमर्यादा खाली आणायची आणि मग आतल्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी सावकाश फिरायचे. पडद्याला चिकटून जाणारी रंगीत रेघ दिसली की पल्स डॉपलरचा ठिपका तिच्यावर ठेवायचा. ठोके मिनिटाला १४० ते १५० च्या घरात आले तर ती धमनी बाळाची, ८० च्या आसपास आले तर आईची. इथे एक पायरी गाळली जाते असे मला पुष्कळदा दिसते: नाळेचा एखादा वेढा खाली येऊन तोंडाशी पडलेला असला तरी चित्र हुबेहूब असेच दिसते. आईला कुशीवर वळवावे, थोडे चालून यायला सांगावे, आणि पुन्हा पाहावे. वेढा जागा बदलतो. पडद्यातली वाहिनी कुठेही जात नाही. एवढी दहा मिनिटे दिली की पुष्कळ शंका तिथेच मिटतात.

निदान पक्के झाले तरी ते कायमचे नसते, हेही सांगितले पाहिजे. गर्भाशयाचा खालचा भाग तिसऱ्या तिमाहीत वाढतो, लांबतो आणि त्याबरोबर वार व वाहिन्या तोंडापासून दूर जातात. दुसऱ्या तिमाहीत दिसलेल्या वासा प्रीव्हियापैकी बराच मोठा हिस्सा बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत आपोआप निवळतो. नुसत्या खाली असलेल्या वारेच्या बाबतीत तर दहातल्या नऊ जणींना हा दिलासा मिळतो. म्हणून २८ आठवड्यांच्या सुमारास एकदा आणि ३२ व्या आठवड्यात पुन्हा योनीमार्गातून सोनोग्राफी करून मगच बाळंतपणाचा मार्ग ठरवावा. एकविसाव्या आठवड्यात सिझेरियनची तारीख काढण्याची घाई नको.

विश्रांतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. दिवसभर अंथरुणावर पडून राहिल्याने वाहिनी फाटण्याचे टळते असा कोणताही पुरावा नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू कमजोर होतात आणि मन खचते ते वेगळेच. घरातली हलकी कामे, बसून करायची नोकरी, सावकाश चालणे यांना हरकत नाही. निदान पक्के असेल तर शरीरसंबंध आणि बोटांनी आतून केलेली तपासणी टाळावी. जे प्रत्यक्ष उपयोगी पडते ते असे: आपत्कालीन सिझेरियन कोणत्याही वेळी करू शकणारे आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय किती वेळात गाठता येते, हे मोजून ठेवावे. ३० ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान रुग्णालयात दाखल होऊन राहायचे का, हा निर्णय प्रत्येकीसाठी वेगळा असतो. गर्भाशयाचे तोंड आखूड होत चालले असेल, कळा येत असतील, थोडेही रक्त गेले असेल, जुळी असतील किंवा रुग्णालय लांब असेल तर दाखल होणे शहाणपणाचे; यातले काहीच नसेल आणि रुग्णालय जवळ असेल तर घरी राहणेही तितकेच मान्य आहे. बाळाच्या फुफ्फुसांसाठीची स्टिरॉइडची इंजेक्शने साधारण ३२ व्या आठवड्याच्या सुमारास, किंवा लक्षणे लवकर दिसू लागल्यास त्याआधी, द्यावीत.

बाळंतपण ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान, कळा सुरू होण्याआधी आणि पाणमोट फुटण्याआधी, ठरवून केलेल्या सिझेरियनने व्हावे. शस्त्रक्रियेच्या सकाळी पुन्हा सोनोग्राफी करून वार कुठे आहे, नाळ कुठे रुजली आहे आणि वाहिन्या कोणत्या बाजूने जातात याचा आराखडा काढून घेतला तर चीर कुठे द्यायची हे ठरवता येते. गर्भाशयाची भिंत हलकेच उघडत आत गेल्यावर काही वेळा पडदे न फाटता फुगून वर येतात आणि त्यांच्यातून जाणारी निळसर वाहिनी डोळ्यांना दिसते. ती चुकवून शेजारून पडदा उघडायचा. तरीही वाहिनी कापली गेलीच तर बाळ बाहेर येताच नाळेला ताबडतोब चिमटा लावायचा, आणि बाळासाठी ओ निगेटिव्ह रक्त शस्त्रक्रियागृहात आधीच आणून ठेवलेले असायचे. काही केंद्रांत दुर्बिणीतून लेसरने या वाहिन्या बंद करण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते मोजक्या आणि निवडक गर्भारपणांपुरते आहेत. आज मी ते कोणाला सुचवणार नाही.

रक्त गेलेच तर ते आईचे की बाळाचे हे ओळखणाऱ्या चाचण्या आहेत. आप्ट चाचणी त्यांपैकी जुनी. परंतु वासा प्रीव्हियाचे निदान झालेल्या स्त्रीला रक्तस्राव सुरू झाला आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख लाटेसारखा, एकसुरी वरखाली होऊ लागला, तर चाचणीच्या निकालाची वाट पाहायची नसते. तो आलेख बाळाला तीव्र रक्तक्षय झाल्याचे सांगतो, आणि पुढचे पाऊल एकच उरते: तातडीचे सिझेरियन.

आता अ‍ॅक्रीटा, म्हणजे वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून बसणे. या अवस्थेचे सविस्तर वर्णन अर्व्हिंग आणि हर्टिग यांनी १९३७ साली केले. तेव्हा ती क्वचितच भेटत असे. सिझेरियनचे प्रमाण वाढत गेले तसे तिचेही वाढले. वार गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर रुजते आणि प्रसूतीनंतर त्याच अस्तराच्या पातळीवर सुटून येते. जुन्या सिझेरियनच्या व्रणावर हे अस्तर नीट तयार होत नाही, तिथले स्नायूही विरळ असतात. वार तिथे रुजली तर सुटण्यासाठी लागणारी पातळीच शिल्लक राहत नाही. वार गर्भाशयात कर्करोगासारखी घुसत जाते, हे पूर्वी सर्रास केले जाणारे वर्णन आता मागे पडले आहे. व्रण ताणून विरतो आणि वार त्या फटीतून बाहेरच्या बाजूला फुगते, असे चित्र बहुतेक वेळा शस्त्रक्रियेत दिसते. हा फरक उपचारांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, कारण काही निवडक रुग्णांत फक्त तो विरलेला भाग कापून गर्भाशय वाचवता येते ते यामुळेच.

धोका किती, याचा अंदाज २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासावरून बांधला जातो. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असताना दुसरे सिझेरियन होत असेल तर वार चिकटलेली असण्याचे प्रमाण ११ टक्के, तिसरे असेल तर ४० टक्के आणि चौथे असेल तर ६१ टक्के होते. पहिल्या प्रश्नातील स्त्रीचे एकच सिझेरियन झालेले आहे आणि वार तोंडाच्या जवळ असली तरी आज तोंडावर नाही. म्हणजे अ‍ॅक्रीटा नसण्याचीच शक्यता बरीच जास्त आहे. पण ती आहे की नाही हे बाळंतपणाच्या टेबलावर कळणे आणि आधी कळणे यांत इतके अंतर आहे की नीट पाहिल्याशिवाय हा मुद्दा सोडून देता येत नाही.

इथे तपासणीची रीत थोडी बदलते. मूत्राशय रिकामे न ठेवता अर्धवट भरलेले ठेवतात, म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय यांच्यामधली पांढरी रेघ सलग आहे की तुटलेली, हे दिसते. वारेमागची काळी पातळ पट्टी नाहीशी झाली आहे का, त्या जागी गर्भाशयाचा स्नायू १ मिलिमीटरपेक्षा पातळ झाला आहे का, वारेत वेड्यावाकड्या कडांच्या मोठ्या पोकळ्या आहेत का आणि त्यांच्यात जोराने रक्त शिरताना दिसते का, वार मूत्राशयाच्या दिशेने फुगली आहे का, आणि दोघांच्या मध्ये रक्तवाहिन्यांचे जाळे वाढले आहे का, अशी एकेक खूण पाहायची असते. यांपैकी एकच खूण, विशेषतः नुसती काळी पट्टी न दिसणे, पुष्कळ निरोगी गर्भारपणांतही सापडते. प्रोब जास्त दाबला तरी ती नाहीशी होते. तीनचार खुणा एकत्र असतील आणि त्या जुन्या व्रणाच्या जागीच असतील तेव्हा त्यांना वजन येते. अनुभवी हातांत सोनोग्राफीने दहापैकी नऊ वेळा निदान होते. मात्र सोनोग्राफी निर्वाळा देत असली तरी व्रणावर बसलेली वार आणि अनेक सिझेरियन असा इतिहास असेल तर मी तयारी कमी करत नाही.

एमआरआयचा प्रश्न यातून सुटतो. वार पुढच्या बाजूला असताना आणि सोनोग्राफी चांगली झालेली असताना एमआरआयने निदानात फारशी भर पडत नाही. वार मागच्या भिंतीवर असेल, किंवा ती गर्भाशयाच्या बाजूला, मूत्रवाहिन्यांच्या दिशेने पसरल्याची शंका असेल तर शस्त्रक्रियेची आखणी करण्यासाठी २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान तो करावा, आणि गॅडोलिनियमचे (चित्र ठळक दिसण्यासाठी देतात ते) इंजेक्शन टाळावे. एकविसाव्या आठवड्यात केलेला एमआरआय बहुधा खर्च आणि चिंताच वाढवतो.

अ‍ॅक्रीटा पक्की वाटत असेल तर बाळंतपण कुठे, हा प्रश्न ‘कधी’पेक्षा मोठा होतो. दिवस भरत आलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. चिकटलेली वार हाताने ओढली की तोच प्रवाह मोकळा सुटतो. म्हणून अनुभवी प्रसूतितज्ज्ञ व शस्त्रक्रियातज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ, मोठ्या प्रमाणावर रक्त व रक्तघटक पुरवू शकणारी रक्तपेढी, प्रौढांचा आणि नवजातांचा असे दोन्ही अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असलेले ठिकाण निवडावे. तोवर हिमोग्लोबिन वाढवून ठेवणे हे आईच्या हातातले सर्वांत मोठे काम: लोहाच्या गोळ्या पुरत नसतील तर शिरेतून लोह घ्यावे, शस्त्रक्रियेच्या आठवड्यात नव्हे, काही आठवडे आधी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे इंजेक्शन विसरू नये.

आठवड्यांबाबत मार्गदर्शक सूचनांत थोडा फरक आहे. अमेरिकी सूचना ३४ पूर्ण ते ३५ आठवडे ६ दिवस असा काळ सांगतात, ब्रिटिश सूचना रक्तस्राव नसल्यास ३५ ते ३६ आठवडे ६ दिवस असा. दोन्हींमागचा हेतू तोच: कळा सुरू होऊन मध्यरात्री अपुऱ्या चमूसह शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ नये. शस्त्रक्रियेत वार नसलेल्या जागी, बहुधा वरच्या बाजूला, चीर देऊन बाळ बाहेर काढतात, नाळ बांधून वार जागीच ठेवतात आणि वारेसकट गर्भाशय काढतात. गर्भाशय वाचवायचे असेल तर पर्याय आहेत: विरलेला भाग कापून उरलेली भिंत शिवणे, किंवा वार आतच ठेवून ती विरघळण्याची वाट पाहणे. दुसऱ्या पर्यायात पुढचे अनेक आठवडे, कधी काही महिने, जंतुसंसर्ग आणि अचानक रक्तस्राव यांची टांगती तलवार राहते आणि शेवटी गर्भाशय काढावेच लागण्याची वेळही येते; ज्यांना पुन्हा मूल हवे आहे आणि ज्या रुग्णालयाजवळ राहू शकतात अशांनीच, सगळे समजून घेऊन, तो निवडावा. वार लवकर विरावी म्हणून मेथोट्रेक्सेट (पेशींची वाढ रोखणारे औषध) देण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण फायदा सिद्ध झालेला नाही आणि अपाय मात्र झालेले आहेत.

ज्यांचे आधी सिझेरियन झाले आहे आणि ज्या अजून गरोदर नाहीत, त्यांच्यासाठी इथेच एक सूचना. पुढच्या वेळी दिवस राहिल्यावर सहा ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान एक सोनोग्राफी करून गर्भाची पिशवी व्रणापाशी रुजली आहे का, एवढे पाहून घ्यावे. नंतरच्या गंभीर अ‍ॅक्रीटाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच झालेली असते, आणि त्या वेळी निर्णय घ्यायला जितकी मोकळीक असते तितकी पुढे राहत नाही.

दुसऱ्या प्रश्नातील गाठ बहुधा कोरिओअँजिओमा असावी. वारेतील रक्तवाहिन्यांची ही कर्करोग नसलेली गाठ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काटेकोरपणे पाहिल्यास सुमारे १ टक्का वारांमध्ये ती सापडते, पण त्यातल्या बहुतेक इतक्या लहान असतात की कधी कोणाला कळतही नाहीत. ४ ते ५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी दुर्मीळ आणि त्याच त्रासदायक. ६ सेंटिमीटर हा आकार, नाळेलगतची जागा आणि वाढते गर्भजल या तिन्ही गोष्टी लक्ष वाढवायला लावणाऱ्या आहेत. गाठीतून रक्त वेगाने फिरत असेल तर बाळाच्या हृदयाला ते जादा रक्त सतत ढकलावे लागते. गाठीत रक्तपेशी फुटतात, प्लेटलेट अडकतात, बाळाला रक्तक्षय होतो आणि शेवटी अंगात पाणी साठते.

गाठ म्हणून दिसणारे प्रत्येक सावट कोरिओअँजिओमा नसते. रक्ताच्या साकळीत डॉपलरला प्रवाह दिसत नाही आणि तिचा पोत दर दोन आठवड्यांनी बदलतो. फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ) वारेत नसून गर्भाशयाच्या भिंतीत असतो आणि त्यातला रक्तप्रवाह आईच्या ठोक्यांनी चालतो. कोरिओअँजिओमात प्रवाह बाळाच्या ठोक्यांनी चालतो, आणि ही एक नोंद अहवालात असलीच पाहिजे.

पुढचा पाठपुरावा गाठीच्या आकारापेक्षा बाळाकडे पाहून करायचा असतो. दर एक ते दोन आठवड्यांनी, आणि बदल दिसल्यास त्याहून लवकर, बाळाच्या मेंदूतील मधल्या धमनीतील रक्ताचा कमाल वेग, हृदयाचा आकार, झडपांतून उलटा प्रवाह, पोटात किंवा त्वचेखाली पाणी, गर्भजलाची खोली आणि आईच्या गर्भाशयाच्या तोंडाची लांबी पाहावी. धमनीतील वेग त्या आठवड्याच्या मध्यम मूल्याच्या दीडपटीपेक्षा वर गेला तर मध्यम ते तीव्र रक्तक्षयाची शंका घ्यायची. हे सगळे ठीक असेल तर ६ सेंटिमीटरची गाठ घेऊनही दिवस भरेपर्यंत थांबता येते, आणि अशा बाळाला हात न लावणे हाच योग्य उपचार असतो. रक्तक्षय झाला तर नाळेतून बाळाला रक्त देता येते. गर्भजल इतके वाढले की आईला श्वास घेणे जड जाते किंवा गर्भाशयाचे तोंड आखूड होते, तेव्हा सुईने ते काढता येते. हृदयावर ताण पडत असेल आणि बाळ बाहेर जगण्याइतके वाढलेले नसेल, तेव्हाच गाठीकडे जाणारी मुख्य वाहिनी लेसरने किंवा इतर मार्गाने बंद करण्याचा विचार करावा. गाठ नाळेलगत असताना हे काम अधिक अवघड असते, कारण निरोगी वारेकडे जाणारी वाहिनी तिच्या शेजारूनच जात असते आणि चुकून ती बंद झाली तर बाळ हाती लागत नाही. बाळ पुरेसे वाढलेले असेल तर स्टिरॉइड देऊन बाळंतपण करणे बरे. जन्मानंतर बाळाचे हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि हृदय तपासावे, बाळ वरकरणी कितीही ठणठणीत दिसले तरी.

राहिली द्राक्षगर्भाची शंका. वार जाड आणि लहानलहान पोकळ्यांनी भरलेली, द्राक्षांच्या घडासारखी दिसत असेल तर ती घ्यावी लागते. एकच सुटी, भरीव गाठ असेल तर नाही. परंतु पोकळ्या असूनही द्राक्षगर्भ नसलेली एक अवस्था आहे, आणि तिचे नाव कुटुंबांना क्वचितच सांगितले जाते: प्लॅसेंटल मेसेंकायमल डिसप्लेसिया. तिचे वर्णन १९९१ साली झाले. अपूर्ण द्राक्षगर्भात गर्भाला बहुधा ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रे असतात, गर्भात व्यंगे असतात आणि तो जगत नाही. डिसप्लेसियात मात्र बाळाची गुणसूत्रे बहुतेक वेळा सर्वसाधारण असतात, बाळ रचनेने निरोगी असू शकते, आणि वारेच्या बाळाकडील पृष्ठभागावर फुगलेल्या, वळणावळणाच्या वाहिन्या दिसतात, विशेषतः तिसऱ्या तिमाहीत. निव्वळ वारेच्या चित्रावरून द्राक्षगर्भ ठरवून निरोगी बाळाचा गर्भपात करण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो, म्हणून अशा वेळी गर्भजल तपासून गुणसूत्रे पाहिल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. जुळ्यांपैकी एक द्राक्षगर्भ आणि एक निरोगी बाळ ही तिसरी शक्यताही असते. त्यात निरोगी बाळाची वार वेगळी ओळखू येते आणि आईच्या रक्तातील एचसीजी हे गर्भारपणाचे संप्रेरक फार वाढलेले असते. डिसप्लेसियाचे निदान झाले तरी निर्धास्त होता येत नाही, कारण बाळाची वाढ खुंटणे आणि बाळ पोटातच दगावणे यांचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि सुमारे पाचात एका बाळाला बेकविथ-विडेमन सिंड्रोम (अवयवांच्या अतिवाढीचा जन्मजात विकार) असतो. म्हणून बाळाची जीभ, पोटाची भिंत, मूत्रपिंडांचा व यकृताचा आकार पाहावा आणि शेवटच्या तिमाहीत देखरेख दाट ठेवावी.

या दोन्ही प्रश्नांतील स्त्रियांनी, बाळंतपण कसेही झाले तरी, वार तपासणीसाठी पॅथॉलॉजी विभागाकडे पाठवायला आधीच लेखी सांगून ठेवावे. तिच्याबरोबर सोनोग्राफीचा अहवाल जोडावा, म्हणजे नेमकी जागा कापून पाहिली जाईल. पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, ज्यात वार कुठे चिकटली होती, किती भाग काढला आणि गर्भाशयावर चीर कोणत्या दिशेने होती हे लिहिलेले असेल, रुग्णालयातून घरी जातानाच मागून घ्यावी. कोरिओअँजिओमा सहसा पुन्हा होत नाही. गर्भाशय वाचवलेल्या अ‍ॅक्रीटाची पुनरावृत्ती मात्र बऱ्याच जणींत होते, आणि पुढच्या गर्भारपणाचा पहिला निर्णय त्या दोन कागदांवरून घेतला जातो.